मादीची मर्जी

लग्नाची इतकी शास्त्रशुद्ध तयारी करून इतकी वर्षं बिनलग्नाचा राहिलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात माझ्या धाकट्या मामांखेरीज दुसरा झाला नसावा. मराठवाड्यात म्हणते ती माझी भीड. मामांना विचारलं असतं तर त्यांनी 'सस्तन प्राण्यांत' असं सांगितलं असतं. मामा प्राणिशास्त्र शिकवायचे, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे त्या आमच्या शहरातल्या एका कॉलेजात. त्या एवढ्या मोठ्या शास्त्रातला एकच धडा त्यांच्या अंगात भिनला होता. नर नाचतो, नर गातो, नर रंगतो, नर दुसऱ्या नराचं डोकं फोडतो, आणि हे सगळं झाल्यावर मादी येते, एक नजर टाकते आणि ठरवते. पिढ्यान् पिढ्या तिला जे आवडलं ते वाढत गेलं. मोराचा पिसारा मोरानं नाही वाढवला, लांडोरीच्या आवडीनं वाढवला. पुस्तकात ह्याला 'लैंगिक निवड' म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मामांनी हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकांवर जो खोकला सुरू झाला तो तास संपेपर्यंत थांबला नाही, आणि प्राचार्यांनी बोलावून घेऊन 'जरा सभ्य भाषेत शिकवत चला' म्हणून सांगितलं. मग मामांनी स्वतःचा सभ्य शब्द काढला: मादीची मर्जी. त्यानं खोकला दुप्पट झाला, पण शब्द टिकला. कॉलेजात त्यांना पाठीमागं 'मर्जीसर' म्हणत, आणि मामांना ते ठाऊक होतं.

आपण रस्त्यानं जाताना माणसं बघतो, मामा नर आणि माद्या बघायचे. मुलींच्या वसतिगृहासमोरून पोरं मोटारसायकलचा सायलेन्सर काढून फटफटत गेली की बाकीचे शिव्या देत, मामा थांबून कौतुकानं म्हणायचे, "हल्ली पिसारा पेट्रोलवर चालतो." एका लग्नात नवरदेव फेटा, तलवार, हार, मुंडावळ्या असं सगळं सांभाळत घोड्यावर डुगडुगत होता, तर मामा त्याच्या बापाजवळ जाऊन म्हणाले, "उत्तम. एवढं ओझं अंगावर घेऊन जो पडत नाही तो नर तंदुरुस्त असतो. मोराचंही असंच असतं." बाप तालुक्याचा मोठा असामी होता. आम्हाला पंगतीत शेवटी बसवलं आणि जिलेबी संपली होती.

माझं नवं नवं लग्न झालं तेव्हा मामांनी जावयाचा मान म्हणून माझ्या नवऱ्याला कुठं न्यावं? हर्सूलच्या तळ्यावर, पावसाळ्यात, दिवेलागणीला, बेडूक ऐकायला. चिखलात वर्तमानपत्र अंथरून दोघांनी बसायचं. "हा बघा, जाड आवाजाचा. अंगानं मोठा असणार. माद्या सरळ त्याच्याकडं जातील," असं मामा एकेका बेडकाचं निरूपण करत होते. माझ्या नवऱ्याला विचारायची बुद्धी झाली, "अन् बारीक आवाजाचे?" मामा म्हणाले, "ते आवाजच करत नाहीत. जाड आवाजवाल्याच्या शेजारी गप्प दबा धरून बसतात, अन् वाटेतच मादी गाठतात." आणि मग त्यांनी माझ्या नवऱ्याकडं असं काही बघितलं की तो माणूस, ज्याचा आवाज मुळातच बारीक आहे, पुढं कित्येक वर्षं मामांसमोर घसा खाकरून बोलायचा. त्याच दिवाळीला त्यानं मला साडीचं खोकं दिलं. मामा समोरच बसलेले. म्हणाले, "उघडून बघ आधी. एका जातीच्या माशीत नर रेशमात गुंडाळून किडा भेट देतो. काही लबाड नुसतंच रेशीम देतात, आत काही नसतं." मी उघडून बघितलं. साडी होती. पण बघितलं, हे नवऱ्यानं अजून विसरलेलं नाही.

असा माणूस स्वतः लग्न कसा करणार? पिशोरला आमच्या आजोळी बऱ्यापैकी शेती, मामा पगारदार, नाकीडोळी नीटस. स्थळांना तोटा नव्हता. पण आपल्याकडं पोरानं पोरगी 'बघायला' जायचं असतं, आणि मामांचं घोडं तिथंच अडायचं. "नर कधी बघायला जातो का? नर दाखवतो. बघायचं काम तिचं." माझी आई त्यांची थोरली बहीण. ती कपाळावर हात मारून घ्यायची. तरी एकदा तिनं रडून भेकून, शपथा घालून त्यांना कन्नडला एका घरी नेलं. पोहे आले, चहा आला, मुलगी आली. मुलीच्या वडलांनी सगळे सांगतात तेच सांगितलं, "आमची पोरगी लई सुगरण आहे." झालं! मामा खुर्चीत ताठ बसले.

"सुगरण म्हणजे घर कोण बांधतं, ठाऊक आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"घर?" वडील म्हणाले. "मी स्वयंपाकाचं म्हणत होतो."

"तो पक्षी हो. ते बाभळीला लटकलेलं, विणलेलं घरटं. ते नर विणतो! डोक्यावर पिवळी टोपी येते त्याच्या विणीच्या दिवसांत. अर्धं विणून झालं की तो थांबतो, पंख फडफडवतो, ओरडतो. मग मादी येऊन आत शिरून बघते, चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर तो पुरं करतो, नाही तर तसंच सोडून दुसरं विणायला घेतो. काम सगळं त्याचं, अन् आपल्या भाषेत नाव मात्र बाईचं! तेव्हा तुमची मुलगी सुगरण आहे म्हणजे नक्की काय? ती घर बांधणार आहे का?"

मुलगी पदर तोंडाला लावून हसत आत पळाली, आणि वडलांनी आम्हाला बसस्टँडपर्यंत पोचवायला माणूससुद्धा दिला नाही. आई गाडीत मामांशी बोलली नाही. मामा मात्र खिडकीतून बाभळी बघत होते, आणि मला वाटतं तो बेत त्यांच्या डोक्यात तिथंच शिजला.

कारण त्यानंतर मामांनी पुंडलिकनगरात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. अर्धं बांधलं आणि थांबले. लोकांना वाटलं पैसे संपले. पैसे कुठं संपतात, मर्जी व्हायची होती! एक खोली राहण्यापुरती पुरी, बाकी सगळा सांगाडा. भिंती होत्या तर गिलावा नाही, चौकटी होत्या तर दारं नाहीत, स्लॅब अर्ध्यावर येऊन थांबलेला, अन् त्यातून गजांची टोकं आभाळाकडं बघत उभी. मामा खिडकीच्या कट्ट्यावर स्टोव्ह ठेवून खिचडी करायचे. म्हातारा मिस्त्री होता, सगळे त्यांना चाचा म्हणत, ते दर महिन्याला चक्कर मारून विचारायचे, "सर, छत पूरा डाल देते ना, बारिश आती है." मामा म्हणायचे, "नको चाचा. पहले पसंती होने दो." "किसकी पसंती?" "वो अभी मालूम नहीं." चाचा मला बाजूला घेऊन काळजीनं म्हणायचे, "बेटी, सर की तबियत तो ठीक है ना?"

आता ह्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि आम्ही हसलोही. पण वर्षं जायला लागली तशी माझी आई हसायची थांबली. मामांच्या कानाजवळचे केस पांढरे झाले. पावसाळ्यात अर्ध्या घरात पाणी साचायचं, मामा पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून ते डब्यानं उपसायचे, आणि संध्याकाळी स्वच्छ शर्ट घालून, जिथं अंगण व्हायचं होतं तिथं खुर्ची टाकून बसायचे. कुणी बघायला येईल म्हणून. माणूस वाट बघतो ती अशी उघड्यावर बसून बघताना मी दुसरा कुणी पाहिला नाही. येणारजाणारा विचारायचा, "सर, बांधकाम कुठवर?" मामा म्हणायचे, "आमच्याकडून तयार आहे."

अशा एका उन्हाळ्यात जनगणना आली. तिची रीत अशी, की आधी घरं मोजतात, मग काही महिन्यांनी माणसं मोजतात, आणि हे काम गळ्यात पडतं शाळेतल्या मास्तर-मास्तरणींच्या. रविवार होता, मी मामांना डबा द्यायला गेले होते. तेवढ्यात छत्री, खांद्याला पिशवी आणि हातात रंगाचा डबा-ब्रश घेतलेल्या एक बाई त्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. सावळ्या, उंच, चाळिशीला टेकलेल्या, उन्हानं आणि सरकारनं दोघांनीही वैतागलेल्या.

"दार कुठंय?" त्यांनी विचारलं. "मला दारावर नंबर टाकायचाय."

"दार अजून नाही," मामा उठून उभे राहिले.

"मग टाकू कशावर? तुमच्यावर?" असं म्हणत त्या आत आल्या, आणि मामांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी बघितलं. मला कळलं पुढं काय होणार ते. बाईंनी कागद काढला आणि विचारायला लागल्या. भिंती कशाच्या? मामा म्हणाले, "पक्क्या विटांच्या. ओढून बघा." छप्पर? "अर्धं स्लॅब, अर्धं आभाळ." बाई म्हणाल्या, "आभाळाला रकाना नाय सर." त्यांनी खरोखरच पेनाच्या टोकानं भिंतीचं सिमेंट खरवडून बघितलं. खोल्या बघितल्या, वाकून कोनाडे बघितले. स्वयंपाकघर? मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते तुम्ही ठरवायचं."

"मी का ठरवू? मी लिहिते, नाय म्हणून. न्हाणीघर नाय, स्वयंपाकघर नाय, दार नाय. ह्याला घर म्हणावं का, तिथूनच घोळ आहे." जाता जाता त्या वळल्या आणि मधल्या भिंतीकडं ब्रश रोखून म्हणाल्या, "अन् ही भिंत कुणी घातली इथं? सगळा वारा अडतोय की."

त्या शेजारच्या घराकडं गेल्या. मामा माझ्याकडं वळले, डोळे असे चमकत होते की बोलायची सोय नव्हती. "बघितलंस पोरी? आत आली. खरवडून बघितलं. वारा अडतो म्हणाली." दुसऱ्या दिवशी चाचा घण घेऊन हजर, आणि मधली भिंत जमीनदोस्त.

आई धावत आली. "अरे बाबा, ती सरकारी मास्तरीण आहे! पोटासाठी फिरती आहे बिचारी उन्हातान्हात!"

"सरकारनं पाठवली म्हणून काय झालं?" मामा म्हणाले. "बघितलं तर तिनंच ना?"

माणसं मोजायला त्या थंडी संपता संपता आल्या. मी मुद्दाम गेले होते, खोटं कशाला बोलू. आत पाऊल टाकताच बाई थबकल्या. "इथं भिंत होती ना?"

"होती. तुम्ही म्हणालात वारा अडतो."

 बाई त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिल्या. मग पाणी मागितलं, प्यायल्या, आणि कागद काढला. नाव, वय, शिक्षण सगळं झालं. "वैवाहिक स्थिती?"

"ते माझ्या हातात नाही," मामा म्हणाले.

"मला इथं काहीतरी लिहावं लागतं सर."

"मग तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा."

मी तोंडात पदर कोंबला. बाईंनी एकदा मामांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि उठताना, 'स्वयंपाकघर नाय' ऐकून मामांनी घालून घेतलेल्या नव्या ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ओटा लई खाली झालाय. उभ्यानं काम करणाऱ्या बाईची कंबर जाईल." झालं. चाचा पुन्हा हजर. ओटा फोडला, वर उचलला. आता चाचासुद्धा विचारत नव्हते. फक्त म्हणायचे, "मॅडम और क्या बोले?"

मोजणी झाल्यावर कुणी राहिलं का, कुणी नवं जन्मलं का हे बघायला त्यांना आणखी एक चक्कर होती. त्या दिवशी मामांनी पिवळाधम्मक बुशशर्ट घातला. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "हंगाम आहे." बाई आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, हातानं उंची बघितली, म्हणाल्या, "आता बरोबर आहे," आणि गेल्या. बस. निघून गेल्या. जनगणना संपली.

मामा त्या ओट्याजवळ उभे होते ते उभेच. "बरोबर आहे म्हणाली," मी उगाच धीर द्यायला म्हटलं. मामांनी मान हलवली. "पसंत पडलं तर मादी राहते, पोरी. जात नाही." आणि ह्या माणसाला, ज्याला मी जन्मभर हसत आले, त्या हास्यास्पद पिवळ्या शर्टात बघून मला असं गलबलून आलं की मी डबा न धुताच उचलून घरी आले. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता नाय व्हायचं ह्याचं."

पुढच्या रविवारी सकाळी घणाचे आवाज ऐकू आले. मी धावत गेले. चाचा दोन गडी घेऊन ओट्यासमोर उभे, तोंड कडू करून, आणि मामा सांगत होते, "नापसंत झालेलं ठेवत नसतात. मोडा." चाचा म्हणत होते, "सर, अल्ला के वास्ते, अच्छा भला ओटा है." मी मामांचा दंड धरला. तेवढ्यात त्या बिनदाराच्या चौकटीतून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

बाई उभ्या होत्या. पिशवी नाही, कागद नाही, छत्रीसुद्धा नाही. नीट इस्त्रीची साडी.

मामा सवयीनं म्हणाले, "भिंती विटांच्या, छप्पर..."

"मी सरकारी कामानं आले नाय सर आज. ओटा मोडताय?"

"हो."

"कुणाला विचारून?"

आपल्याकडं हा प्रश्न कोण विचारतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. परका माणूस 'का मोडताय' विचारतो. 'कुणाला विचारून' हे फक्त घरची बाई विचारते. मामांना, अख्ख्या प्राणिसृष्टीचे इशारे वाचणाऱ्या त्या विद्वानाला, काहीच कळलं नाही. ते खरोखरच विचार करायला लागले, की कुणाला विचारायला हवं होतं. चाचांनी मात्र घण खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि गड्यांना म्हणाले, "चलो रे. मालकीन आ गए."

लग्न झालं, साधंच. पिशोरच्या भावकीत कुजबुज झाली, कारण आम्ही शेतीवाडीचे, आणि मामींचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. चुलत आजोबा म्हणाले, "आपल्यात बसत नाय हे." मामा म्हणाले, "पक्ष्यांत भावकी नसते," आणि चुलत आजोबांना मोराचं सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला बसले. ते कंटाळून कबूल झाले. स्लॅब पुरा झाला, दार बसलं. एकदा मामांनी जेवताना, ज्ञान म्हणून, सांगितलं की सुगरणीचा नर मादी घरट्यात बसली की शेजारीच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. मामी भाकरी थापत म्हणाल्या, "घ्या की. अन् तिथंच राहा. डबा पाठवून देईन." त्यानंतर सुगरणीची ही बाजू मामांनी आमच्यासमोर कधी काढली नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, पुंडलिकनगरात मोकळा प्लॉट उरला नाही. मामी त्याच घरात आहेत, एकट्या. मागं एकदा त्यांच्याकडं दुपारची बसले होते. त्या ओट्याशी उभ्या राहून चहा करत होत्या. मी विचारलं, इतकी वर्षं विचारायचं राहिलंच होतं, "मामी, खरं सांगा, तुम्हाला घर आवडलं होतं का हो?"

"घर?" मामी हसल्या. "अगं, कसलं घर! लई भंगार होतं. अजून आहे."

"मग?"

त्यांनी गॅस बारीक केला. "माहेरी थोरली मी. पगार आणून द्यायची, भावांची लग्नं केली, सगळं केलं. पण माझ्या बोलण्यावरून त्या घरात कुणी पाण्याचा माठ इकडचा तिकडं केला नाय. शाळेतबी तेच. मी आपलं उन्हात वैतागून बोलून गेले, वारा अडतो म्हणून. अन् ह्या माणसानं भिंत पाडली."

त्यांनी दोन कप पुढं ओढले. 

"मामांना हे सांगितलं होतं का तुम्ही?"

"नाय बाई," मामी कपात चहा गाळत म्हणाल्या. "सांगितलं असतं तर उरलेल्यापण पाडल्या असत्या त्यांनी." आणि मग त्या गाळणी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघी हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही.